कूलरजवळच्या चपला

माझे वडील सज्जन आहेत असं आमची अख्खी कॉलनी म्हणते. मी त्यांची सख्खी मुलगी, आणि मला त्यांची किळस येते. हे वाक्य लिहून झाल्यावर खोडावं का, असा विचार केला. नाही खोडत.

त्यांना सगळे सुपडू नाना म्हणतात. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, इस्त्री कडक. तंबाखू नाही, दारू नाही, आवाज चढवणं नाही. आम्हा भावंडांवर त्यांनी कधी हात उगारला नाही. सरकारी कचेरीत उभा जन्म नोकरी केली आणि कामासाठी आलेल्या माणसाकडून कधी चहासुद्धा घेतला नाही. कॉलनीत वर्गणी निघाली की पहिली पावती त्यांची असते. आता अशा बापाची जिला किळस येते ती मुलगीच वाईट, असं तुम्हाला वाटणार. वाटू दे. मी आमच्या कूलरची हकिकत सांगते, मग काय ते ठरवा.

पण कूलरच्या आधी नानांचं टेबल सांगायला हवं. शाळा सुटली की मी आणि माझा धाकटा भाऊ हर्षल त्यांच्या कचेरीत जाऊन बसायचो. कुणी कागद घेऊन आलं की नाना त्याला समोर बसवत. कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचत. मग त्याची होती तशी घडी घालून परत देत आणि गोड आवाजात म्हणत, "हे आपल्याकडे येत नाही." कोणाकडे येतं ते सांगत, जिना कुठे आहे तेही सांगत. माणूस हात जोडून निघायचा. थोड्या वेळाने तोच माणूस परत यायचा, कारण वरच्यांनी त्याला नानांकडे धाडलेलं असायचं. नाना पुन्हा तितक्याच शांतपणे पहिल्या ओळीपासून वाचायला घ्यायचे. भडगावकडचा एक म्हातारा असा दिवसभर वर-खाली करत होता. शेवटी दमून जिन्यातच बसला आणि त्याने फडक्यातली भाकरी सोडली. संध्याकाळी नानांनी रिकाम्या टेबलावरून हात फिरवला आणि आम्हाला म्हणाले, बघा, एक कागद शिल्लक नाही. मला तेव्हा वाटायचं, माझे वडील किती काम करतात.

घरातही तेच. छत गळायला लागलं तर शेजारच्या कडुनिंबाची पानं पन्हाळीत पडतात, तेव्हा ते शेजाऱ्याकडे येतं. हर्षल गणितात नापास झाला तर ते मास्तरांकडे येतं. आईचे गुडघे धरले तर ते तिच्या माहेरच्या हाडांकडे येतं. लग्न होऊन मी धुळ्याला गेले आणि पहिल्याच वर्षी सासरी फार बिनसलं, तेव्हा बॅग घेऊन जळगावला आले होते. नानांनी मला समोर बसवलं, मध्ये एक शब्दही न बोलता सगळं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, बाई, हे आता आपल्याकडे येत नाही. मग धुळ्याच्या गाड्या कधी कधी सुटतात ते सांगितलं. पुढे माझं माझ्या हिमतीवर नीट झालं. ते कसं शांतपणे हाताळावं लागलं हे नाना आता चारचौघांत सांगतात.

तर, कूलर.

आमच्याकडचा उन्हाळा ज्याने काढला नाही त्याला कूलर म्हणजे थंड हवेची चैन वाटते. आमच्याकडे तो घरातल्या माणसासारखा असतो. होळी झाली की माळ्यावरून उतरतो, त्याचं वाळलेलं गवत बदलायचं, पंप फिरतो का बघायचं, खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर बसवायचा. पत्र्याचा चांगला छातीएवढा उंच. दुपारी बाहेर रस्त्यावर कुत्रंही नसतं तेव्हा तो घुंघुं करत पाणी पितो, आणि हे पाणी कुणीतरी त्याला पाजावं लागतं. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पाइप जोडून सोडून देता येत नाही. पिंपातून बादली, बादलीतून मग्गा, मग्ग्यातून कूलर. हे काम बायकांचं. कोणी ठरवलं ते विचारू नका. कॉलनीत एकाही पुरुषाला कूलर भरताना मी पाहिलेलं नाही. त्यांना तो फक्त आतल्या बाजूने माहीत असतो.

मे महिन्याच्या सुट्टीत मी माहेरी गेले होते. दुपारी हर्षलची बायको हेमांगी अंगणात कूलर भरायला निघाली. ती घरात अनवाणीच वावरते. कूलरपाशी आली आणि तिथे भिंतीला टेकवून ठेवलेल्या निळ्या रबरी चपला तिने पायात घातल्या. गाऊनची बाही मागे सारली, प्लास्टिकचा मग्गा घेतला, आणि पत्र्याला कोपर लागू नये असा हात वाकडा करून पाणी ओतायला लागली. मी म्हटलं, अगं, या चपला इथे कशाला? ती सहज म्हणाली, "करंट मारतो ना, ताई. चप्पल असली की नुसत्या मुंग्या येतात." जसं काही मीठ कमी आहे म्हणून सांगावं, तसं.

मी संध्याकाळी कॉलनीतून एक फेरी मारली आणि मुद्दाम बघत गेले. जवळपास प्रत्येक कूलरपाशी चपला. कुठे चपलांच्या जागी लाकडी पाट, कुठे टायरच्या रबरी ट्यूबचा तुकडा. नवी सून आली की तिला देवघर दाखवतात, पाण्याची पिंपं दाखवतात आणि कूलरच्या चपला दाखवतात. आईला मी विचारलं तर ती माझ्यावरच हसली. माझी आई, भिकुबाई, शिरपूरकडच्या खेड्यातली. घरात अजून अहिराणीच बोलते. "बठ्ठास्ना घर असंच शे," ती म्हणाली, म्हणजे सगळ्यांच्याच घरी असं असतं. "चप्पल घाली की काही व्हत नही."

हे असं पूर्वी नव्हतं. मी लग्नाआधी याच अंगणात याच जागी अनवाणी कूलर भरलेला आहे. मग मध्ये काय झालं? मी चिडून दुसऱ्या दिवशी प्रशीलला बोलावून आणलं. प्रशील पलीकडच्या नाक्यावर विजेच्या कामाचं दुकान चालवतो. शांत माणूस, कामापुरतं बोलतो. त्याने होल्डरमधल्या बल्बच्या दोन तारा घेतल्या, एक सॉकेटच्या चालू भोकात आणि एक अर्थिंगच्या मोठ्या भोकात घातली. बल्ब लागला नाही, म्हणजे अर्थिंग नावालाच होतं. मग तो अर्थिंगच्या हिरव्या तारेच्या मागे मागे अंगणात गेला आणि भिंतीपाशी उकिडवा बसला. मला म्हणाला, या इकडे, बघा.

आमचं घर बांधलं तेव्हाच्या वायरमनने घराची हिरवी तार अंगणातल्या नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळून दिली होती. तेव्हा सगळ्या कॉलनीत तसंच केलं होतं. पाइप जमिनीत लांबवर गेलेला, ओल धरलेला, त्यामुळे एखाद्या वस्तूतून करंट गळला तर तो पाइपातून जमिनीत उतरून जायचा. काम भागत होतं. पुढे पाण्याची नवी लाइन आली. रस्ते खोदले गेले, गंजके लोखंडी पाइप गेले आणि काळे प्लास्टिकचे पाइप आले. पाण्याचं काम करणाऱ्यांनी पाणी दिलं, त्यांची काही चूक नाही. पाइप पाण्यासाठी असतो. पण भिंतीजवळ हातभर लोखंडी तुकडा तसाच उभा राहिला. वर हिरवी तार अजून नीट गुंडाळलेली होती आणि खाली तो तुकडा सिमेंटमध्ये संपत होता. कशालाच जोडलेला नव्हता. अख्ख्या कॉलनीने नळ उघडून नवं पाणी पाहिलं, पेढे वाटले, आणि ती तार कुठे जाते हे एकानेही पाहिलं नाही. त्या उन्हाळ्यापासून कूलर मारायला लागले, आणि त्या उन्हाळ्यापासून चपला आल्या.

प्रशीलने उपाय सांगितला तो फार मोठा नव्हता. अंगणात खड्डा खणायचा, त्यात अर्थिंगचा पाइप उभा करायचा, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं, हिरवी तार तिथे आणायची. उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी घालायचं. शिवाय गळती झाली की आपोआप पडणारा स्विच बोर्डात बसवायचा. तोवर कूलर भरताना बटण बंद ठेवा, असं त्याने दोनदा बजावलं. नाना पलंगावर बसून ऐकत होते. त्यांनी त्याला पाणी दिलं, सरबत दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं. आणि मग मला ज्याची भीती होती ते वाक्य आलं.

"हे आपल्याकडे येत नाही."

प्रशील म्हणाला, मीटरपर्यंत वीज कंपनीचं, मीटरच्या पुढे घरमालकाचं, आणि अर्थिंग मीटरच्या पुढे. नाना हसून म्हणाले, तुमचं बरोबर आहे, पण आपण रीतसर जाऊ. त्यांची मान किंचित तिरकी झाली आणि मला त्यांचं ते जुनं टेबल दिसायला लागलं.

रीतसर म्हणजे काय, ते ऐका. आधी त्यांनी पाणीवाल्यांना अर्ज केला की तुम्ही पाइप काढला, तर अर्थिंग तुम्ही द्या. तिथल्या साहेबांनी त्यांना आदराने बसवून सांगितलं की नळाला विजेची तार बांधायला आम्ही कधी सांगितलं नव्हतं. मग वीज कंपनीला अर्ज. त्यांचा माणूस आला, खांबावरून येणारी तार पाहिली, मीटर तपासलं, सगळं ठीक असल्याचं दाखवलं आणि प्रशील जे म्हणाला तेच म्हणून गेला. नाना त्याच्यावर चिडले नाहीत. त्यांना उलट बरं वाटलं. दोन कचेऱ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं की कागद हवेत राहतो, आणि हवेतल्या कागदाखाली कुणाचंच टेबल नसतं. हा त्यांचा हातखंडा. रोज संध्याकाळी फिरायला जाताना ते शेजाऱ्यांना सांगायचे, पाठपुरावा चालू आहे.

आणि रोज दुपारी हेमांगी निळ्या चपला घालून कूलर भरत होती. बटण बंद करून भर, असं मीही तिला सांगितलं. तिने एकदा मला ओढत नेऊन दाखवलं. बटण नानांच्या खोलीत, त्यांच्या उशाच्या वर. दुपारी नाना आतून कडी लावून झोपतात. कूलर बंद पडला की त्यांना जाग येते. ते रागवत नाहीत, फक्त आतून विचारतात, कोणी बंद केला? तेवढं पुरतं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती तेवढं ऐकते आहे.

मी नानांना म्हटलं, तुम्ही नका करू, मी प्रशीलला सांगते, मी करून देते. पैशाचा प्रश्न आमच्या घरात नव्हताच कधी. नाना म्हणाले, अंगणातली फरशी मागच्या वर्षीच बसवली आहे, मधोमध खड्डा शोभणार नाही. घर माझ्या नावावर आहे, माझ्या परवानगीशिवाय फरशी फुटणार नाही. म्हणजे फरशी त्यांच्याकडे येत होती. घर त्यांच्याकडे येत होतं, मीटर त्यांच्या नावावर होतं, दारावर पितळी पाटी त्यांची होती. फक्त घरातून वाहणारा करंट त्यांच्याकडे येत नव्हता.

हर्षलचं काय, असं विचाराल. हर्षल डाळीच्या मिलमध्ये हिशेब बघतो, सकाळी जातो, संध्याकाळी येतो आणि कूलरसमोर शर्टाची बटणं सोडून बसतो. त्याने एकदा पंप बदलला होता. थोडे दिवस करंट कमी झाला, मग पुन्हा सुरू. आता त्याचं एकच, नानांना विचार. चाळिशीला आलेला माणूस नानांना विचार म्हणतो तेव्हा मला त्याच्या तोंडाकडे बघवत नाही.

मग तो रविवार आला. सगळे जेवायला बसलो होतो. वांग्याचं भरीत होतं, कळण्याची भाकरी होती. मी पुन्हा विषय काढला. नानांनी घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले की मुळात हा कूलर हेमांगीच्या माहेरून, धरणगावहून लग्नात आला आहे. वस्तूत दोष असेल तर ज्यांनी वस्तू दिली त्यांनी बघावं, असं नियम सांगतो. हे त्यांनी तिच्यासमोर म्हटलं. ती त्यांना भाकरी वाढत होती. तिने भाकरी वाढली. आईने मान हलवली, जसं काही हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं आणि आता सगळं जुळलं. ताटावरून उठून मी अंगणात गेले आणि त्या लोखंडी तुकड्याकडे बघत उभी राहिले. माझ्या वडिलांसाठी मला जो शब्द सुचला तो मी इथे लिहीत नाही.

तरीही हेमांगी बोलली नाही. मला तिचाही राग यायचा. आज कळतं की ती मोजत होती, किती सोसायचं ते. स्वतःपुरतं ती सोसायला तयार होती.

पुढच्या आठवड्यात आई बाजारात गेली. मटकी, शेव, मिरच्या आणि एक कागदाचं पुडकं घेऊन आली. संध्याकाळी मी आणि हेमांगी अंगणात होतो. आईने पुडकं सोडलं आणि मोठ्या कौतुकाने भिंतीपाशी, निळ्या चपलांच्या शेजारी, एक छोटा जोड ठेवला. गुलाबी. वर पांढरं फूल. माझ्या भाचीच्या, पूर्वाच्या मापाचा.

हेमांगीने विचारलं, "आई, या कुणासाठी?"

"आते ती बी मोठी व्हयनी," आई म्हणाली. "माय-लेकी मिळीसन भरतीन."

आईच्या आवाजात नुसती माया होती. हेच मला सर्वांत घाण वाटलं. तिने रंग निवडला होता, फूल निवडलं होतं, नातीच्या पायाला टोचू नये म्हणून पट्टा मऊ आहे का ते हाताने बघितलं असणार. नातीला करंट लागणार हे तिने गृहीत धरलं होतं, आणि त्यातल्या त्यात तो कमी लागावा म्हणून ती बाजारभर फिरली होती. नाना ओट्यावर पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून चपलांकडे पाहिलं, चांगल्या आहेत म्हणाले, आणि पान उलटलं.

हेमांगी आत गेली. भांडली नाही, रडली नाही. पूर्वाचे कपडे आणि स्वतःचे कपडे एका बॅगेत भरले. हर्षल आला तेव्हा ती दारात उभी होती. तिने त्याला एवढंच सांगितलं की खड्डा खणला की फोन कर. मी तिला आणि पूर्वाला धरणगावच्या गाडीत बसवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी मीही धुळ्याला निघून आले. तिथे राहणं मला अशक्य झालं होतं.

नाना शांत होते. सून माहेरी गेली, तर ते हर्षलकडे येतं.

पण कूलर कुणाकडे येतो, हे कुणी ठरवलंच नव्हतं. आईला गुडघ्यांमुळे बादली उचलता येत नाही. हर्षलने सकाळी जाताना भरून ठेवला, पण जळगावच्या उन्हात सकाळचं पाणी दुपारपर्यंत टिकत नाही. नाना कडी लावून झोपले आणि ऐन उन्हात कूलर कोरडा पडला. कोरडा कूलर बाहेरची झळ ओढून थेट तोंडावर फेकतो. नानांना जाग आली. त्यांनी आतून विचारलं, पाणी संपलं का? उत्तर द्यायला कोणी नव्हतं. पुढचं आईने मला फोनवर सांगितलं. नाना कडी काढून बाहेर आले. अनवाणी. फरशीवर बादलीतलं पाणी सांडलं. एका हाताने मग्गा धरला आणि आधारासाठी दुसरा हात पत्र्यावर ठेवला.

ते मागे फेकले गेले. कोपर फुटलं, कमरेला मुका मार लागला, थोडा वेळ तोंडातून शब्द फुटेना. नशीब की मागे फेकले गेले, चिकटले नाहीत. मला ऐकून धस्स झालं, हे खोटं बोलणार नाही, बाप आहे. मी लगेच निघाले. पण एसटीत बसल्यावर जे मनात आलं तेही खरंच होतं. मला वाटलं, आता बघू हे कोणाकडे येतं.

मी पोहोचले तेव्हा अंगणात फरशी फुटत होती. त्याच संध्याकाळी. प्रशीलची दोन माणसं खड्डा खणत होती, कोळशाचं पोतं आलं होतं, मिठाचं पोतं आलं होतं. कोपराला पट्टी बांधून नाना खुर्ची टाकून बसले होते आणि खड्डा अजून खोल घ्या, म्हणून सांगत होते. फरशीचे तुकडे कोपऱ्यात पडले होते, त्यांच्याकडे ते बघतही नव्हते. एक पाणीवाला, एक वीजवाला, एक धरणगावचा व्याही, सगळे गायब झाले होते. इतके दिवस हवेत लटकलेला कागद त्यांच्या अंगाला एकदाच लागला आणि लगेच त्यांच्या टेबलावर येऊन पडला. हेमांगी किती वर्षं त्या पत्र्याला हात लावत होती? तिच्या हाताने जे कळलं नाही ते त्यांच्या हाताने एका दुपारी कळलं. मी चहासुद्धा घेतला नाही.

पुढे जे झालं ते तर आणखी घाण. दोन दिवसांत नाना कॉलनीभर सांगायला लागले की मीटरच्या पुढचं सगळं घरमालकाचं असतं, लोकांना जबाबदारी कळत नाही, मी पुढाकार घेऊन करून घेतलं. लोक त्यांचा खड्डा बघायला यायचे. नाना त्यात स्वतः तांब्याने पाणी घालून दाखवायचे. दोन-तीन घरांनी त्यांच्या सांगण्यावरून प्रशीलला बोलावलं, तेवढं चांगलं झालं म्हणायचं. वाचनालयात त्यांचं यावर छोटं भाषणही ठरलं.

हर्षलने धरणगावला फोन केला. काम झालं, ये. हेमांगी पूर्वाला आईवडिलांकडे ठेवून एकटीच आली. मला ते बघूनच कळलं की अजून काहीतरी बाकी आहे. तिने बॅग उंबऱ्याच्या आत नेली नाही. अंगणात, नव्या मातीशेजारी ठेवली. नाना ओट्यावर आले, ये बेटा म्हणाले, आता काळजी नाही, प्रशीलने बल्ब लावून तपासलं आहे, झकास लागतो. हे सगळं त्यांनी कूलरपासून चार हात लांब उभं राहून सांगितलं. आणि तेव्हा माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. घरात कधी चप्पल न घालणाऱ्या माझ्या वडिलांच्या पायात काळ्या, जाड तळाच्या नव्या रबरी चपला होत्या.

हेमांगीनेही पाहिल्या. ती म्हणाली, "नाना, चपला काढून कूलरला एकदा हात लावा. मग मी बॅग आत नेते."

तिने आवाज चढवला नव्हता. नानांसारखाच गोड आवाज होता. नाना हसले. तपासलं आहे म्हणाले. मग प्रशीलला बोलावू म्हणाले. मग हर्षलकडे पाहिलं. हर्षलने खाली पाहिलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे माझ्याकडे येत नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले. कूलर घुंघुं करत होता. ते चपला काढेनात.

शेवटी आई दारातून बाहेर आली. भिंतीला धरत, गुडघे ओढत, अनवाणी. माझी आई निघाली होती कूलरला हात लावायला, नानांच्या ऐवजी. जन्मभर तिने हेच केलं, आणि तिला वाटलं आताही तेवढ्याने भागेल. हेमांगी पुढे झाली आणि तिने आईचा हात धरून तिला अलगद ओट्यावर बसवलं. "तुम्ही नाही, आई," ती म्हणाली.

नानांनी एक चप्पल काढली, मग दुसरी. ओल्या फरशीवर त्यांचे गोरे, मऊ पाय टेकले. कपाळावर घाम आला होता. त्यांनी डोळे मिटले आणि उलट्या बोटांनी, चटका बसेल अशा भीतीने, हात पुढे नेला. तो भीत भीत पुढे जाणारा हात मी बघितला आणि मला इतक्या वर्षांत जे समजलं नव्हतं ते समजलं. मला वाटत होतं, या माणसाला कळत नाही. त्यांना सगळं कळत होतं. भडगावचा म्हातारा जिन्यात का बसला ते कळत होतं. मी बॅग घेऊन का आले होते ते कळत होतं. पत्र्याला हात लावला की काय होतं ते तर चांगलंच कळत होतं. त्यांनी फक्त तो हात कायम दुसऱ्याचा ठेवला.

बोटं पत्र्याला टेकली. काही झालं नाही. नानांनी डोळे उघडले, पूर्ण तळवा ठेवला. काहीच झालं नाही.

हेमांगीने निळ्या चपला उचलल्या, गुलाबी चपला उचलल्या, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मग बॅग उचलून आत गेली. नाना अजून पत्र्यावर हात ठेवून तसेच उभे होते, कुणीतरी आता चला म्हणेल याची वाट बघत.

आतून हेमांगीचा आवाज आला, "नाना, उभेच आहात तर पाणी भरून टाका."

मी पिंपातून बादली भरली आणि त्यांच्या पायाशी आणून ठेवली.